यंत्रांचा आवाज आणि श्रवणशक्ती : हळद, आवळ्याचा उपयोग किती?



गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठवाड्यातील शेतीचे यांत्रिकीकरण झपाट्याने झाले. लातूर व नांदेड जिल्ह्यांत सोयाबीन कापून बनीम लावायची आणि हडंबा आला की दिवसभरात रास करून मोकळे व्हायचे, ही आता सर्रास पद्धत आहे. तूर व हरभऱ्याची मळणीही यंत्रानेच होते. ट्रॅक्टर, कडबा कुट्टी, डिझेल इंजिन, हळद पॉलिश करण्याचा ड्रम, लातूरच्या डाळ मिल या सर्वांनी कष्ट कमी केले आणि वेळ वाचविला. परंतु या यंत्रांबरोबर शेतात आवाजही आला. त्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, याकडे आपले फारसे लक्ष नसते.

हळद, आवळा किंवा एखादे वनस्पतिजन्य चूर्ण घेतल्यास यंत्राच्या आवाजापासून कान वाचतात का, असा प्रश्न आता विचारला जातो. या विषयावर शास्त्रीय संशोधन झालेले आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. मात्र कोणत्याही वनस्पतीच्या भरवशावर कान उघडे ठेवून हडंब्याजवळ उभे राहावे, अशी शिफारस त्यातून निघत नाही. असे का, याची माहिती या लेखात दिली आहे.

किती आवाज घातक असतो?

आवाजाची तीव्रता डेसिबल या एककात मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला म्हणजे कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे ८५ आणि ९१ या आकड्यांत फरक थोडा दिसला, तरी ऊर्जा चौपट झालेली असते.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सुचविलेल्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत.

८५ डेसिबल – दिवसात ८ तास
८८ डेसिबल – ४ तास
९१ डेसिबल – २ तास
९४ डेसिबल – १ तास
९७ डेसिबल – ३० मिनिटे
१०० डेसिबल – १५ मिनिटे

केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आणि मळणी यंत्राच्या तोंडाशी साधारणपणे ९० ते १०० डेसिबलच्या दरम्यान आवाज असतो. हडंब्यात माल ढकलणारा मजूर हंगामात दररोज आठ-दहा तास तेथे उभा असतो. वरील यादीवरून त्याच्या कानावर किती पट भार पडतो याचा अंदाज येईल.

मोजण्याचे उपकरण जवळ नसल्यास एक सोपी खूण लक्षात ठेवावी. हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तेथील आवाज धोक्याच्या मर्यादेपलीकडे आहे असे समजावे.

कानात नेमके काय घडते?

कानाच्या आतील भागात गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे १५,००० केशपेशी असतात. ज्वारीच्या शेतावरून वारा गेला की ताटे डोलतात, तसे आवाजाच्या लहरींनी या पेशींवरील सूक्ष्म केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वारा बेताचा असेल तर ताटे पुन्हा उभी राहतात. वादळ झाले तर पीक लोळते. मोठ्या आवाजाने केशपेशींची अशीच अवस्था होते. लोळलेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. केशपेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीसारख्या पक्ष्यांमध्ये त्या नव्याने तयार होतात, हे १९८८ साली सिद्ध झाले. निसर्गाने ही सोय माणसाला दिलेली नाही.

दिवसभर मळणी केल्यानंतर रात्री कान बधिर वाटतात, शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो आणि सकाळपर्यंत बरे वाटते. त्यामुळे ‘कान सवयीचे झाले’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. २००९ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या अभ्यासात असे आढळून आले, की ऐकण्याची चाचणी पूर्ववत आल्यानंतरही केशपेशी व श्रवण-मज्जातंतू यांना जोडणारे अनेक धागे कायमचे नष्ट झालेले होते.

अँटिऑक्सिडंटचा संबंध कोठे येतो?

केशपेशींचे नुकसान केवळ धक्क्याने होत नाही. मोठ्या आवाजात या पेशींना खूप काम करावे लागते, त्यांच्यातील ऊर्जानिर्मितीवर ताण येतो आणि ‘मुक्त मूलके’ म्हणजे अतिशय क्रियाशील असे ऑक्सिजनचे कण प्रमाणाबाहेर तयार होतात. हे कण पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांवर हल्ला करतात. करडईचे तेल हवेत उघडे राहिल्यास खवट होते. तशाच प्रकारची क्रिया पेशीच्या आवरणात घडते आणि पेशी मरते.

आवाजानंतर आंतरकर्णात अशी मूलके तयार होतात, हे १९९५ साली गिनीपिगमध्ये दाखविण्यात आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही क्रिया आवाज थांबल्यावरही चालू राहते आणि सात ते दहा दिवसांनी तिचा जोर सर्वाधिक असतो, असे आढळले. म्हणजे मळणी संपल्यावर कानात काही काळ नुकसान चालूच असते.

या मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. तेलातील ई जीवनसत्त्व तेलाला लवकर खवट होऊ देत नाही, हे त्याचे घरगुती उदाहरण होय. बाहेरून असे पदार्थ दिले तर केशपेशी वाचतील का, हा विचार येथूनच सुरू झाला.

आपल्या शेतातील अँटिऑक्सिडंट

१) हळद : हिंगोली-नांदेड पट्ट्यातील हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. वाळलेल्या हळदीत जातीनुसार साधारण २ ते ५ टक्के कुरक्युमिन असते.

२) आवळा : क जीवनसत्त्व व टॅनिनवर्गीय पदार्थ भरपूर असतात.

३) करडई : तेलात ई जीवनसत्त्वाचे प्रमाण चांगले असते.

४) कांदा : क्वेर्सेटिन हे द्रव्य असते, बाहेरील रंगीत पापुद्र्यांत ते अधिक असते.

५) ज्वारी : कोंड्यात फेरुलिक आम्ल असते. शिवाय १०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे १३० ते १७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. मॅग्नेशियम स्वतः अँटिऑक्सिडंट नाही, परंतु आंतरकर्णातील रक्तपुरवठा टिकविण्यास ते मदत करते असे मानतात.

६) द्राक्ष : सालीमध्ये रेस्व्हेराट्रॉल असते.

प्रयोगांतून काय दिसले?

इंडोनेशियातील संशोधकांनी मोठ्या आवाजात ठेवलेल्या उंदरांना कुरक्युमिन दिले असता आंतरकर्णातील पेशींचे नुकसान कमी दिसले. रोममधील विद्यापीठात गिनीपिगना फेरुलिक आम्ल दिल्यावर श्रवणहानी कमी झाली. रेस्व्हेराट्रॉलबाबत अमेरिकेत २००३ साली उंदरांवर असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे प्राण्यांच्या पातळीवर या विचाराला चांगला आधार आहे.

माणसांवरील चाचण्या मात्र थोड्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. इस्राएलमध्ये सैन्यात भरती झालेल्या ३०० तरुणांवर झालेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांच्या प्रशिक्षणात दररोज १६७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम घेतलेल्या गटात कायमच्या श्रवणहानीचे प्रमाण कमी आढळले. इराणमधील कापड गिरणी कामगारांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जिनसेंग ही वनस्पती १४ दिवस दिल्यावर कामानंतर येणारा तात्पुरता बधिरपणा कमी झाला. परंतु ही चाचणी केवळ दोन आठवड्यांची होती. कायमचे बहिरेपण टळते की नाही, हे त्यावरून ठरत नाही. उलट, एन-ॲसिटिल सिस्टीन या प्रभावी अँटिऑक्सिडंटची चाचणी अमेरिकेच्या मरीन दलातील जवानांवर घेण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुख्य कसोटीवर औषध घेतलेल्या व न घेतलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्राण्यांमध्ये हेच द्रव्य उपयुक्त ठरले होते.

कुंडीतील प्रयोग आणि शिफारस

विद्यापीठ एखादे वाण कसे प्रसारित करते, हे आपणास माहीत आहे. कुंडीत किंवा छोट्या वाफ्यात चांगले दिसलेले वाण लगेच शेतकऱ्यांच्या हाती दिले जात नाही. प्रक्षेत्रावर पुनरावृत्ती घेऊन, प्रचलित वाणाशी तुलना करून, अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत चाचण्या होतात. त्यानंतर शेतकऱ्यांच्या शेतावर ते टिकले, तर शिफारस होते. कुंडीत उत्तम दिसणारी अनेक वाणे पुढच्या पायरीवर मागे पडतात.

कानासाठी कुरक्युमिन सध्या कुंडीच्या पायरीवर आहे. एखाद्याने ‘मी हळद घेतो, मला काही झाले नाही’ असे सांगणे म्हणजे एका बांधावरील एका ओळीवरून वाणाची शिफारस करण्यासारखे आहे. त्याच बांधावर हळद न घेणारी ओळ कोठे आहे, हे विचारले पाहिजे.

मात्रेचाही विचार करावा लागतो. एक चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीत ३ टक्क्यांप्रमाणे ९० मिलिग्रॅम कुरक्युमिन येते. बंगलोर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील १९९८ च्या अभ्यासात निरोगी माणसांना एका वेळी २ ग्रॅम कुरक्युमिन, म्हणजे साधारण ६५ ग्रॅम हळदीतील अंश, देण्यात आला. तरी रक्तात त्याचे प्रमाण नगण्यच होते. मिऱ्यातील पायपेरीन सोबत दिल्यावर शोषण सुमारे वीस पट वाढले. भाजीतील चिमूटभर हळदीतून आंतरकर्णापर्यंत किती पोहोचेल, याची कल्पना यावरून करावी.

गोळ्या व अर्क घेण्यापूर्वी

शोषण वाढविलेले कुरक्युमिन घेतले म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. अशा गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींमध्ये यकृताला इजा झाल्याची उदाहरणे इटली व अमेरिकेत नोंदविली गेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी, पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय असे अर्क घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मॅग्नेशियमच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

कानात लसणाचे गरम तेल, पानांचा रस किंवा हळदीचे पाणी कधीही टाकू नये. केशपेशी पडद्याच्या फार आत असतात. तेथपर्यंत हे पोहोचत नाही. पडद्याला छिद्र असल्यास मात्र संसर्ग आत जातो.

स्वयंपाकातील हळद, ज्वारीची भाकरी, कांदा, आवळा, तीळ, करडईचे तेल हा आपला आहार आरोग्यास चांगलाच आहे. तो जरूर घ्यावा. फक्त त्याला कानाचे चिलखत समजू नये. काढा घेतला म्हणून निर्धास्तपणे यंत्राशेजारी उभे राहणे, हाच यातील खरा धोका आहे.

खात्रीचे उपाय

१) आवाज मुळाशी कमी करावा : ट्रॅक्टर किंवा इंजिनचा सायलेन्सर काढून टाकू नये, फुटला असल्यास त्वरित बदलावा. सैल पट्टा, झिजलेले बेअरिंग, ढिले नट-बोल्ट व थरथरणारे पत्रे यांमुळे आवाज वाढतो. हंगामापूर्वी दुरुस्ती व वंगण करून घ्यावे.

२) अंतर ठेवावे : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. पोती शिवणे, जेवण, विश्रांती आणि लहान मुले यांची जागा यंत्रापासून दूर असावी.

३) पाळी बदलावी : हडंब्याच्या तोंडाशी एकाच मजुराला दिवसभर उभे करू नये. तासातासाने माणसे बदलावीत.

४) कानात बुचे वापरावीत : फोमची बुचे औषधांच्या किंवा सुरक्षा साहित्याच्या दुकानात अगदी थोड्या खर्चात मिळतात. हात स्वच्छ धुऊन बूच बोटांनी वळून बारीक करावे. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, बूच आत सरकवावे आणि ते फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावे. नीट बसविलेले बूच शेतातील वापरात १० ते २० डेसिबल आवाज अडविते. समजा यंत्राजवळ ९७ डेसिबल आवाज आहे. बुचाने १२ डेसिबल कमी झाले, तर कानावर ८५ डेसिबल पडतील. अर्ध्या तासाची मर्यादा आठ तासांपर्यंत जाते. आज उपलब्ध असलेले कोणतेही चूर्ण हे काम करीत नाही.

५) कापसाच्या बोळ्यावर विसंबू नये : त्याने आवाज फारच थोडा अडतो. रुमाल बांधल्याने धूळ अडते, आवाज नाही.

६) खुणा ठरवाव्यात : बुचे घातल्यावर हाक ऐकू येणार नाही. म्हणून यंत्र थांबविण्याची हाताची खूण सर्वांनी आधी ठरवून घ्यावी. रस्त्यावर ट्रॅक्टर चालविताना बुचे काढावीत, म्हणजे मागील वाहनाचा भोंगा ऐकू येईल.

७) कानांना विश्रांती द्यावी : मळणीच्या हंगामात रात्री मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांसमोर उभे राहणे टाळावे. ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर बसविणे म्हणजे एका आवाजावर दुसरा मोठा आवाज चढविणे होय. मळणी यंत्राचा मजूर निदान रात्री तरी शांततेत असावा.

तपासणी केव्हा करावी?

आवाजाने होणारी हानी प्रथम उंच पट्टीच्या स्वरांत होते. म्हणून सुरुवातीला स्त्रियांचे व मुलांचे बोलणे अस्पष्ट वाटते, गर्दीत शब्द कळत नाहीत, ‘ऐकू येते पण समजत नाही’ अशी तक्रार असते. कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण राहणे ही धोक्याची सूचना आहे. हंगामात वर्षानुवर्षे यंत्रावर काम करणाऱ्यांनी श्रवण तपासणी करून घ्यावी. लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था व नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील कान-नाक-घसा विभागात सल्ला घेता येईल.

एखाद्या कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले, तर घरगुती उपचारांत एक दिवसही घालवू नये. अशा रुग्णांत लवकर सुरू केलेल्या उपचाराने ऐकू येण्याची शक्यता वाढते.

हळद उत्पादक व बचत गटांसाठी सूचना

वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे या भागातील हळदीला नाव मिळाले आहे. ते जपणे आपल्या हातात आहे. हळद पावडर विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व बचत गटांनी पाकिटावर किंवा जाहिरातीत ‘बहिरेपणावर गुणकारी’ असा मजकूर छापू नये. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत बहिरेपणाचा समावेश असून, त्यावर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातीस मनाई आहे.

जखमेवर हळद लावण्याचा उपयोग आपल्याकडे पूर्वापार आहे. त्यावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे सादर करून १९९७ साली रद्द करविले. त्या वेळी परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. हळदीची बाजू तेथे टिकली ती लेखी पुराव्याने. आवाजापासून कान वाचविण्याचा दावाही पुरावा मिळेल तेव्हाच करावा. तोपर्यंत कुरक्युमिनचे तपासलेले प्रमाण, भेसळमुक्त रंग व चांगली वाळवण यांवर भाव मिळविणे अधिक फायद्याचे आहे. हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमजवळ मात्र बुचे घालूनच काम करावे.

सारांश

१) सतत ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज कानास घातक असून, नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा तयार होत नाहीत.

२) आवाजाने कानात मुक्त मूलके तयार होतात. अँटिऑक्सिडंट त्यांना रोखू शकतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

३) हळद, आवळा किंवा अन्य वनस्पती आवाजापासून माणसाचे कान वाचवितात, अशी शिफारस करण्याइतका पुरावा आज नाही.

४) सायलेन्सर, दुरुस्ती, अंतर, पाळी आणि कानातील बुचे हे खात्रीचे उपाय आहेत.

५) यंत्र भाड्याने देणाऱ्याने व शेतमालकाने मळणीच्या दिवशी डिझेलबरोबर प्रत्येक मजुरासाठी बुचांचा एक जोडही आणावा.